जनकाबाईच्या हातचं बाळसं

गोटू रडला नाही, आणि जनकाबाईचा तांब्या हातातच थांबला.

मी तेव्हा अन्नपूर्णाबाईंच्या न्हाणीच्या दाराशी उभी होते. गेले होते विरजण मागायला, पण त्या घरात बाळाची आंघोळ चालू असली की पाय रेंगाळतोच. जनकाबाई पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडायची, लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचायची, नडग्यांवर गोटूला पालथा घालायची, आणि पहिला तांब्या पाठीवर पडला की हा पठ्ठ्या अशी बोंब ठोकायचा की शेजारी चहा पीत बसलेले आमचे हे म्हणायचे, झाली सुरू आंघोळ. पाच महिन्यांचं पोर, पण गळा असा की अख्ख्या जानेफळाला वर्दी जावी. त्या दिवशी एक तांब्या झाला, दुसरा झाला, पोर गप्प. मान एका बाजूला टाकून नुसतं पडलेलं.

"निशिगंधे, लेकरू रडून नाही राह्यलं," जनकाबाई गोटूच्या आईला म्हणाली.

देवघरातून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या की शहाणं झालं असेल माझं पोर. तशी दोन दिवसांपासून गोटूची तब्येत नरमच होती. अंग तापलेलं, दूध घेतलं की ओकायचा. दात येत असतील असं घरात ठरलं होतं, आणि आदल्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्टही काढली होती. दृष्ट लागण्यासारखा होताच तो. गाल इतके वर आलेले की डोळे अर्धे मिटलेले दिसायचे, हनुवटीखाली वळ्या. येणारा-जाणारा म्हणायचा, बाळसं धरावं तर असं. मीही म्हणायचे. गालगुच्चे घेऊन घेऊन म्हणायचे.

जनकाबाईने त्याला उताणं केलं, पोटावर हात ठेवला, मग तळपाय चाचपले. पोट कढत आणि पाय गार. तिने पंच्यात त्याला गुंडाळलं आणि उठता उठता म्हणाली, "गजेंद्रले बलाव. गाडी काढ म्हणा." पाणी तसंच वाफाळत राहिलं.

गजेंद्र म्हणजे गोटूचा बाप, अन्नपूर्णाबाईंचा एकुलता एक. तो गोठ्यातून तसाच शेणाच्या पायांनी आला आणि गाडीत बसला. निशिगंधा बाळाला घेऊन पुढे, अन्नपूर्णाबाई, जनकाबाई आणि मी मागे. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. पण निशिगंधाचा चेहरा पाहून घरी परतायला मन होईना. मेहकरचा रस्ता काय पहिल्यांदा पाहत होते मी? तरी त्या दिवशी तो संपता संपत नव्हता. निशिगंधा दर थोड्या वेळाने "गोटू, ए गोटू" करायची आणि तो डोळे उघडायचा नाही. जनकाबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. कमरेची चंची तिने मुठीत आवळून धरली होती, ते मी पाहिलं. भीतीने धरली असेल, असं मला वाटलं.

त्या चंचीत काय होतं ते मला पुढे कळलं. पण ते इथेच सांगून टाकते, नाहीतर दवाखान्यात त्या बाईच्या जिवाची काय घालमेल झाली ते कुणाला समजायचं नाही.

अर्धं जानेफळ जनकाबाईच्या नडग्यांवर न्हालेलं आहे. गजेंद्रही न्हालाय, माझी दोन्हीही न्हालीत. नवरा उकंडराव तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, मग लोकांची मुलंच तिचा संसार. टाळूवर तेल जिरवणं, नाक ओढून सरळ करणं, ओव्या-शेपाची धुरी, सगळं तिचंच. आणि तिच्या डबीतलं लोणी. गावठी गाईचं, काशाच्या ताटात पाण्याने घोटून घोटून पांढरंशुभ्र केलेलं. जांघेत, काखेत, मानेच्या वळीत लावायला. त्याला नावच पडलं होतं, जनकाबाईचं लोणी. तिच्या हाताला बाळसं आहे असं बाया म्हणायच्या, आणि ती ते ऐकून पदर सावरायची.

मग घरोघर डायपर आले. सकाळी बांधलेला दुपारपर्यंत तसाच. मुलांच्या जांघा लालभडक होऊ लागल्या, फोड येऊ लागले, आणि त्यापुढे लोण्याचं काही चालेना. एका सुनेने तर तोंडावर सांगितलं की मावशी, तुमच्या लोण्यानेच पोराला खाज सुटते. ते जनकाबाईच्या फार जिव्हारी लागलं. त्याच दिवसांत सतत पाण्यात राहून तिच्याच बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत बोटं साफ. अशी ट्यूब जर म्हातारीच्या कातडीला इतकी लागू पडते, तर लेकराच्या कोवळ्या कातडीला किती पडेल, हा तिचा हिशेब. तिने ती ट्यूब लोण्यात पिळली, घोटली आणि लावली. एका रात्रीत लाली गेली. नुसती लाली गेली नाही, महिना-दोन महिन्यांत मुलांचे गालही भरू लागले. पूर्वी कधी भरले नव्हते असे. जनकाबाईला वाटलं, आपल्या हाताला गेलेलं यश परत आलं. ट्यूबचं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोणी कुणाचं राहिलं?

गोटूला बारशापासून ते लोणी दोन्ही वेळ लागत होतं, वरून घट्ट डायपर. आणि आठ-दहा दिवसांपूर्वी ट्यूब संपली.

मेडिकलवर त्या दिवशी मालक नव्हता, त्याची पुतणी करिष्मा बसली होती. फार्मसी शिकून नुकतीच आलेली. ट्यूब कुणाला लावायची, तिने विचारलं. माझ्या हातांना, जनकाबाई म्हणाली. मग बोलता बोलता तोंडून निघून गेलं की लेकरालाही बरी पडते. करिष्माने पुढे केलेली ट्यूब मागे घेतली. लहान बाळाला ही चुकूनही लावायची नाही, डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय मी देणार नाही, म्हणाली. जनकाबाईचा पारा चढला. तुझ्या बापाला मी न्हाऊ घातलंय, तू मला शिकवतेस काय, असं काहीबाही बोलून ती पायऱ्या उतरली. पोरगी मागून ओरडत होती, "आजी, लावत असान तं एकदम बंद बी करू नोका! आंधी डॉक्टरले दाखवा!" जनकाबाईने ऐकलं सगळं. पण कालच्या पोरीचं कशाला मनावर घ्यायचं, म्हणून तिने त्या दिवसापासून नुसतं लोणी लावायला सुरुवात केली.

हे सगळं चंचीत घेऊन ती आमच्याबरोबर गाडीत बसली होती.

मेहकरला लहान मुलांच्या एका दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गोटूला टेबलावर घेतलं आणि मग आम्ही सगळे कुणीच नव्हतो, फक्त ते पोर आणि त्या. सिस्टरला शीर सापडेना. हातावर दोनदा सुई फसली. शेवटी पायाला सलाईन लागलं. साखर फार खाली गेली होती. सुई टोचताना एवढं पोर कण्हलं फक्त, आणि निशिगंधाने माझा दंड असा धरला की चार दिवस वण होते.

सलाईन सुरू होऊनही तो डोळे उघडेना. डॉक्टरीणबाईंनी त्याचे कपडे काढले, पाठ पाहिली, कपाळावरची लव पाहिली, पोटाची कातडी दोन बोटांत धरून पाहिली. मग विचारलं, गाल असे कधीपासून आहेत?

अन्नपूर्णाबाईंना त्यातही अभिमान वाटला. "ते बाळसं हाय, डॉक्टरीणबाई. आमच्या जनकाच्या हातचं."

"हे बाळसं नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळसं अंगभर असतं. याचे गाल बघा आणि हे दंड बघा."

आम्ही पाहिलं. खरंच की, हात-पाय काडीसारखे होते. पाच महिने रोज पाहत होतो आणि गालांपलीकडे कुणाची नजरच गेली नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या जनकाबाईने चौकट धरली.

डॉक्टरीणबाई एकेकाला विचारत गेल्या. काही पाजत होतात? घुटीत काही? तेलात काही? कुठली ट्यूब, मलम? मला एक शंका आहे, म्हणाल्या, पण अंगात ताप आहे, जंतूंचा संसर्ग आहे, आणि माझी शंका चुकीची असेल तर मी देईन ते औषधच याच्या जिवावर उठेल. नक्की कळलं तर आत्ता इंजेक्शन देते. नाहीतर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, आणि तेवढी वाट हे पोर काढेल की नाही, मला सांगता येत नाही.

निशिगंधा रडत म्हणाली की काहीच नाही लावलं हो, शपथ घेते. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, फक्त जनकाबाईचं लोणी, घरचं लोणी. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"हाव," जनकाबाई म्हणाली. "लोणीच."

आणि ती वळून बाहेर गेली. मला त्या 'हाव'मध्ये काहीतरी खटकलं. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात पाण्याचा नळ होता, तिथे ती हात धूत होती. साबण नाही, काही नाही, नुसती हातावर हात चोळत होती. मी हाक मारली तर तिने पाहिलंही नाही. आता मला कळतं, त्या वेळी तिच्यासमोर काय काय उभं असेल. नाव जाईल, घरं जातील, म्हातारपणी कुणी दारात उभं करणार नाही. अन्नपूर्णाबाईंचा स्वभाव तिला माहीत होता, गजेंद्रचा हातही माहीत होता. न बोलली असती तर कुणाला कळलं नसतं. दात येताना पोर गेलं, एवढंच गावाने म्हटलं असतं.

तेवढ्यात गजेंद्र आला. मला वाटलं, तो काही विचारणार. पण तो जनकाबाईसमोर हात जोडल्यासारखा उभा राहिला.

"मावशी, तो तुह्याचपाशी रडते. तू आंधी त्याच्या अंगावरून हात फिरव. तुह्या हाताले यश हाय."

जनकाबाईने स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. ज्याचं नाक तिने ओढून सरळ केलं होतं, त्याच्याकडे. तिने पदराला हात पुसले आणि ती आत गेली, चपला बाहेर काढायच्याही विसरून. आम्ही तिच्या मागे.

टेबलाजवळ जाऊन तिने चंचीची नाडी सोडली आणि आतून एक ट्यूब काढली. चपटी झालेली, शेवटचा अंश खरवडून काढायला कात्रीने उभी चिरलेली.

"डॉक्टरीणबाई, नुसतं लोणी नाही. त्याच्यात हे होतं," ती म्हणाली. "मीच टाकलं. याह्यच्यातल्या कोणाले माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची अक्षरं वाचली. त्या रागावल्या नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. कधीपासून, विचारलं. बारशापासून, दोन्ही वेळ. आणि आता? आता आठ-दहा दिवस झाले, संपलं म्हणून बंद. एवढं ऐकलं आणि त्यांनी सिस्टरला कुठलंसं इंजेक्शन आणायला पळवलं. ते सलाईनमधून गेलं, तेव्हा कुठे त्या आमच्याकडे वळल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी आजही विसरले नाही. या एका ट्यूबमध्ये तीन औषधं असतात, एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड. लाली, खाज लगेच जाते ती त्या तिसऱ्याने, म्हणून लोकांना ट्यूब जादूची वाटते. मोठ्या माणसानेही ती गजकर्ण-खरजेवर आपल्या मनाने लावायची नाही, डॉक्टर सांगेल तिथेच आणि सांगेल तितकेच दिवस. चेहऱ्यावर तर नाहीच, आणि एकाची दुसऱ्याला नाही. बाळाच्या जांघेत, वरून डायपर बांधून लावली तर औषध कातडीत थांबत नाही, थेट रक्तात जातं. गाल फुगतात, उंची खुंटते, अंगाची ताकद जाते. आणि बाहेरून रोज मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड करणंच सोडून देतं. मग एक दिवस ट्यूब बंद झाली, वर ताप आला, की त्या बाळाकडे ताप सोसायला काहीच उरत नाही. तेच आत्ता इंजेक्शनने दिलंय, पुढे ते हळूहळू कमी करत आणायचं.

"आजी बोलल्या नसत्या तर मी अंधारातच होते," त्या म्हणाल्या.

ते कुणाला ऐकायचं नव्हतं. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या आणि जनकाबाईला जे तोंडाला येईल ते बोलू लागल्या. घरात घेतलं, ताटाला ताट लावून जेवू घातलं, आणि माझ्याच वंशावर उठलीस. गजेंद्र पुढे आला. त्याचा हात वर गेलेला मी पाहिला आणि डोळे मिटून घेतले. काही आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा हात खाली होता.

"मावशी, तू जाय," तो म्हणाला. "माह्या डोळ्यासमोरून जाय."

ती गेली, पण गावाकडे गेली नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. ऊन अंगावर आलं तरी हलली नाही. मी चहा नेला, तो तिने तसाच ठेवला. मला तिचा राग आला होता, खरं सांगते, भयंकर राग. माझी मुलं हिच्या हाताखालून गेलीत म्हणून अंगावर काटा येत होता. आणि तरी तिला तिथे एकटी सोडून आत जाववेना.

चार वाजून गेले असतील, गोटूने डोळे उघडले. ओठ हलवले. निशिगंधाने पदराआड घेतला तर दोन घोट प्यायला. मी धावत बाहेर येऊन सांगितलं. जनकाबाईने मान हलवली, बस. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. हे लोणी आणखी कुणाच्या बाळाला लावता, त्यांनी विचारलं. दोन घरी, ती म्हणाली. मग आजच्या आज त्यांना सांगा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचीही ट्यूब एकदम बंद झालीय, तेव्हा बाळ बरं दिसलं तरी उद्या सकाळीच दवाखान्यात आणायला सांगा, मी औषध देऊन ते हळूहळू कमी करत आणते.

आम्ही एसटीने जानेफळला परतलो. रस्त्यात मी तिला म्हटलं की मी सांगते दोन्ही घरी, तू घरी जा. ती नाही म्हणाली. आधी शालिग्रामच्या घरी गेलो. त्यांची नात तीन महिन्यांची, तिचेही गाल भरलेले, आणि तिची आई डिंपल आम्हाला पाहून हसत म्हणाली, आज संध्याकाळी लवकर आलात मावशी. जनकाबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. ट्यूबचं सांगितलं, गोटूचं सांगितलं, ट्यूब आठ-दहा दिवसांपासून बंद आहे, पोर बरं दिसलं तरी सकाळी मेहकरला न्या, हे दोनदा सांगितलं. एक शब्द लपवला नाही. शालिग्रामने तिला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नेसान ना सकायी?" दुसऱ्या घरी दार आपटलं गेलं. तिने बंद दाराशी उभं राहून तेच सगळं मोठ्याने पुन्हा सांगितलं, आतून कुणीतरी हो म्हणेपर्यंत.

परतताना ती मेडिकलच्या पायऱ्या चढली. करिष्मा बिचारी घाबरून उभी राहिली, म्हातारी पुन्हा भांडायला आली म्हणून. जनकाबाई म्हणाली, "तू बरोबर बोलली होती बापा. सगळ्याईले असंच सांगत जाय." आणि उतरली.

गावाला दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळं कळलं होतं. त्यानंतर जनकाबाईला कुणी बोलावलं नाही. मुलं तिन्ही वाचली, पण औषध थेंबाथेंबाने कमी करत आणायला कितीतरी महिने लागले. गोटूचे गाल उतरले, डोळे मोठे दिसू लागले. गावातल्या बाया अजूनही हळहळतात की किती गोजिरं बाळसं होतं, उतरलं बघा. त्यांच्याशी भांडून भांडून माझं तोंड दुखलं. अन्नपूर्णाबाई जनकाबाईचं नाव काढत नाहीत. गोटूला निशिगंधा आता स्वतःच न्हाऊ घालते, स्वतःच्या पायांवर घेऊन. डायपर बाहेर जातानाच बांधते.

जनकाबाईचं घर आमच्या मागेच आहे. थंडीच्या दिवसांत मी सकाळी तिला चहा नेऊन देते. ती उन्हाला ओट्यावर बसलेली असते, पाय लांब सोडून, लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचून. सवय आहे ती. परवाही तशीच बसली होती. मी कप ठेवला, एवढ्यात पलीकडून पाण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ गोटूची बोंब. पूर्वीसारखी, गल्ली दणाणून सोडणारी.

जनकाबाई कान देऊन ऐकत राहिली. मग रडणं थांबलं, बहुतेक निशिगंधाने त्याला पंच्यात घेतलं असेल.

"नरडं मोकळं झालं त्याचं," ती म्हणाली.

आणि तिने खोचलेलं लुगडं सोडून हळूच खाली ओढलं, नडग्या झाकून घेतल्या, आणि चहाचा कप उचलला.